दूरचा गुरु आणि जवळचें हत्यार

सुताराच्या मुलाला रंधा धरावयास कोणीं आणि केव्हां शिकविलें, असें विचारलें तर त्याला धड उत्तर देतां येत नाहीं. बाप काम करीत असतां तो भुशांत खेळत होता. पुढें खिळे उचलून देऊं लागला. मग फळीचें दुसरें टोंक धरूं लागला. आणि एके दिवशीं बापानें आपला हात त्याच्या हातावर ठेवून, रंध्यावर किती भार द्यावयाचा हें त्याच्या मनगटाला समजावून दिलें. त्या समजाविण्यांत शब्द जवळजवळ नव्हतेच. हातानें हाताला दिलेली ही विद्या शतकानुशतकें जगभर याच वाटेनें चालत आली. युरोपांतील कारागिरांच्या श्रेणींत ती वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनें मिळे, आणि महाराष्ट्रांतील खेड्यांत ती सुताराच्या अंगणांत व लोहाराच्या भात्यापाशीं मिळे.

या रीतीचा मोठा गुण असा कीं, चूक जागच्या जागीं दिसते आणि जागच्या जागीं सुधारते. परंतु तिचे दोषही तितकेच मोठे होते. पहिला दोष हा कीं, ही विद्या दार लावून शिकविली जात असे. लोहाराची विद्या लोहाराच्या मुलाला. दुसऱ्या कोणीं ती शिकूं म्हटल्यास जातीची नाहीं तर श्रेणीची भिंत आडवी येई. दुसरा दोष हा कीं, ती 'कसें' सांगे, पण 'कां' सांगत नसे. ऐरणीवर घण घालणाराला लोखंड किती तापलें आहे हें त्याच्या रंगावरून ओळखतां येई. तापल्यावर तें मऊ कां होतें हें ठाऊक नसलें तरी त्याचें कांहीं अडत नसे. वाफेचीं यंत्रें आणि खोल खाणी आल्या, तेव्हां मात्र हें 'कां' ठाऊक नसणें जिवावर बेतूं लागलें.

म्हणून एक नवा प्रश्न उभा राहिला. शिकणारा एका गांवीं, शिकविणारा दुसऱ्या गांवीं, आणि मध्यें कागद किंवा तार किंवा ध्वनिलहर, अशा स्थितींत हाताची विद्या देतां येईल काय? एकविसाव्या शतकांत याच प्रश्नाच्या उत्तरास डिजिटल शिक्षण आणि संमिश्र शिक्षण अशीं नांवें मिळालीं. धंदेशिक्षणाचा कांहीं भाग पडद्यावर आणि कांहीं भाग प्रत्यक्ष हत्यारांवर शिकविणें, असा त्याचा अर्थ. नांवें नवीं असलीं तरी प्रश्न टपालाइतका जुना आहे, आणि त्याला निरनिराळ्या काळीं मिळालेलीं उत्तरें पाहिल्यावांचून आजचें उत्तर नीट पारखतां येत नाहीं.

१७२८ सालच्या मार्च महिन्यांत बोस्टन गॅझेट या पत्रांत कॅलेब फिलिप्स नांवाच्या एका शिक्षकाची जाहिरात आली. बोस्टनपासून दूर राहणारांसही आठवड्याच्या आठवड्याला धडे धाडून आपण लघुलेखन शिकवूं, असें तींत म्हटलें होतें. या गोष्टीला खरा भर आला तो शतकभरानें, इंग्लंडांत. आयझॅक पिटमन यानें आपली लघुलेखनाची पद्धत १८३७ सालीं प्रसिद्ध केली, आणि १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्यें एक पेनी दरानें कोठेंही पत्र जाऊं लागलें. पिटमननें या स्वस्त टपालाचा लाभ घेतला. विद्यार्थ्यानें सामान्य लिपींतील उतारा लघुलिपींत लिहून पाठवावा, आणि चुका दाखवून तो त्याच्याकडे परत यावा, असा क्रम सुरू झाला. पुढें मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत हिंदुस्थानांतील कचेऱ्यांत जे लघुलेखक बसले, त्यांतील बहुतेकांची लिपि हीच होती.

लघुलेखन हें हाताचेंच कौशल्य आहे. मग तें टपालानें कसें शिकवितां आलें? याचें कारण असें कीं, त्या कौशल्याचें फळ कागदावरच उमटतें. विद्यार्थ्याची रेघ वांकडी पडली तर ती वांकडी रेघच पाकिटांत घालून गुरूकडे जाते. सुताराला आपला डळमळणारा पाट पाकिटांत घालतां येत नाहीं. परंतु लघुलेखनांतही एक गोष्ट टपालाच्या हातीं लागत नव्हती, आणि ती म्हणजे वेग. कागदावर रेघ दिसते. ती किती क्षणांत काढली हें दिसत नाहीं. त्यासाठीं कोणीतरी समोर बसून मजकूर सांगावा लागे. जो भाग खूण मागें ठेवतो तो दूर जातो, आणि जो भाग खूण ठेवीत नाहीं तो जवळच शिकावा लागतो, हा नियम पहिल्याच प्रयोगांत दिसून आला.

याहून कठीण कसोटी अमेरिकेच्या कोळशाच्या खाणींत लागली. ६ सप्टेंबर १८६९ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील ॲव्हनडेल येथील खाणीला आग लागली. खाणींत उतरावयास आणि वर यावयास एकच विवर होतें, आणि त्याच विवराच्या तोंडावर कोळसा फोडण्याचा लांकडी इमला उभा होता. आग त्या इमल्यास पोंचली. तो जळत विवरांत कोसळला. आणि खालीं असलेल्यांची वाट व हवा एकदमच बंद झाली. ११० माणसें मेलीं. त्यांतील दोघे तर अडकलेल्यांस सोडविण्यासाठीं आंत उतरले होते.

या आकांतानंतर १८७० सालीं पेनसिल्व्हेनियांत खाणींच्या सुरक्षेचा कायदा झाला, आणि खाणीला बाहेर पडण्याची दुसरी वाट असलीच पाहिजे असें ठरलें. पुढें १८८५ च्या कायद्यानें खाणीवरील मुकादमांस परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविणें भाग पडलें. कायदा चांगला होता. पण त्याच्या पोटीं एक अडचण निघाली. वीस वीस वर्षें खाणींत घालविलेले, छताच्या करकरण्यावरून धोका ओळखणारे कामगार परीक्षेच्या कागदापुढें हतबल झाले. हवा किती वेगानें खेळली म्हणजे स्फोटक वायु सांचत नाहीं, याचें गणित त्यांना कोणीं शिकविलेंच नव्हतें. त्यांतील पुष्कळांचें लिहिणें-वाचणेंही बेताचेंच. दिवसा खाण सोडून शाळेंत जावें, तर घरीं चूल पेटणार नाहीं. ज्यांचे प्राण वांचावेत म्हणून कायदा झाला, त्यांनाच बढतीचें दार त्या कायद्यानें बंद होऊं लागलें.

थॉमस फॉस्टर हा त्या भागांत खाणकामावरील एक नियतकालिक चालवीत असे. त्यानें प्रथम आपल्या पत्रांत खाणकामगारांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यास आरंभ केला. प्रश्न इतके येऊं लागले कीं, १८९१ सालीं स्क्रँटन या गांवीं त्यानें खाणकामाचा पत्रद्वारा शिकावयाचा अभ्यासक्रमच काढला. त्यांतून इंटरनॅशनल कॉरस्पॉन्डन्स स्कूल्स ही संस्था वाढली. महाविद्यालयांतील ग्रंथ येथें निरुपयोगी होते. कारण ते ग्रंथ समोर शिक्षक उभा आहे असें गृहीत धरून लिहिलेले असतात. म्हणून संस्थेनें स्वतःच्या लहान लहान पुस्तिका तयार करविल्या. आरंभ बेरीज-वजाबाकीपासून, एका पुस्तिकेंत एकच पायरी, भाषा साधी, आणि पुस्तिका अशी आटोपशीर कीं ती सदऱ्याच्या खिशांत मावावी. पुस्तिका पुरी झाली म्हणजे उत्तरें स्क्रँटनला जात व तपासून परत येत. खाणकामामागून यंत्रकाम, रेल्वे, वीज, इमारतकाम असे विषय आले, आणि १९०६ पर्यंत नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारें ९ लाखांवर गेली.

हा आंकडा डोळे दिपविणारा आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे सावधपणें पाहिलें पाहिजे. नांव घालणारे लाखोंनीं होते. अभ्यासक्रम शेवटास नेणारे फार थोडे होते. गांवोगांव हिंडणाऱ्या विक्रेत्यांना नांवें मिळविण्याबद्दल दलाली मिळे, आणि ज्याची तयारी नाहीं अशा माणसाच्याही गळ्यांत अभ्यासक्रम पडे. परंतु सारा दोष विक्रेत्यांवर किंवा विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. दिवसभर जमिनीखालीं राबून आलेला माणूस रात्रीं दिव्याशीं एकटा बसतो. एक ओळ समजत नाहीं. विचारावयास जवळ कोणी नाहीं. उत्तर येण्यास कित्येक दिवस लागतात. अशा वेळीं पुस्तक मिटलें जातें, तें पुष्कळदां कायमचेंच. दूरच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रु अज्ञान नव्हे, एकटेपणा आहे, हें तेव्हांच दिसून आलें.

त्याच संस्थेनें आणखी एक गोष्ट ओळखली, आणि ती तिच्या शहाणपणाची साक्ष आहे. कागद कोठपर्यंत पोंचतो याची मर्यादा तिनें जाणली. आगगाडीचे हवेचे ब्रेक कागदावर कितीही रेखाटले तरी ते हातांत येत नाहींत. म्हणून रेल्वेच्या डब्यांतच खरे ब्रेक मांडून, बरोबर शिक्षक देऊन, ते डबे रुळांवरून विद्यार्थ्यांच्या दारीं नेण्यांत आले. परकी भाषा शिकणारांस एडिसनच्या ध्वनियंत्राच्या मेणाच्या नळ्या पाठविल्या जात. विद्यार्थी उच्चार ऐके, आपला उच्चार कोऱ्या नळीवर उमटवी, आणि ती नळी तपासणीसाठीं परत धाडी. म्हणजे पत्रानें शिकविणाऱ्या शाळेनेंच पत्राच्या जोडीला आवाज घेतला, प्रत्यक्ष यंत्र घेतलें आणि हाडामांसाचा शिक्षक घेतला. संमिश्र शिक्षण हें नांव तेव्हां नव्हतें. पण वस्तु होती.

याच सुमारास पश्चिम हिंदुस्थानांत धंदेशिक्षणाचा विचार सुरू झाला होता. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना महात्मा जोतीराव फुले यांनीं, प्राथमिक शाळेंत मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचेंही ज्ञान द्यावें, अशी मागणी केली होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना १८८७ सालीं झाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें त्रिभुवनदास गज्जर यांनीं १८९० सालीं कलाभवन काढलें; धंद्याचें शास्त्र मातृभाषेंतून शिकवावें असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठीं पारिभाषिक शब्द व पुस्तकें तयार करण्याचा उद्योगही त्यांनीं आरंभिला. फॉस्टरनें साध्या भाषेच्या पुस्तिका लिहविल्या आणि गज्जरांनीं मातृभाषेचा आग्रह धरला, या दोन गोष्टींचें मूळ एकच आहे. शिकविणारा दूर असो कीं जवळ, भाषा परकी असेल तर तो दूरच राहतो.

मुंबईच्या त्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर हे यांत्रिक रेखांकन शिकवीत असत. पुढें बेळगांवीं त्यांनीं सायकलींचें दुकान काढलें, कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या साहाय्यानें किर्लोस्करवाडी वसविली. रेखांकन हा कारागिरीचा असा भाग आहे कीं जो समुद्रापलीकडूनही येऊं शकतो. आराखडा वाचतां आला कीं दूरच्या कारखान्यांतील विचार समजतो. परंतु त्या आराखड्यावरून नांगराचा फाळ ओतावयाचा, तो घासावयाचा आणि शेतकऱ्याच्या काळ्या जमिनींत टिकवावयाचा, हें काम आसपासच्या खेड्यांतील माणसें कारखान्यांतच, काम करीत करीत शिकलीं.

दुसऱ्या महायुद्धानें या प्रश्नाला निकड आणली. कारखान्यांत लाखों नवखे कामगार एकदम घ्यावे लागले. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेच्या सरकारी शिक्षणखात्यानें कामगारांस शिकविण्यासाठीं ४५७ बोलपट तयार केले. लेथवर काम कसें करावें, मापपट्टी कशी वाचावी, कानस कशी चालवावी, असे त्यांचे विषय होते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रत्येक बोलपटाबरोबर शिक्षकासाठीं एक मार्गदर्शक पुस्तिका दिलेली असे. पडद्यानें शिक्षकाची जागा घ्यावी असा तो बेत नव्हता. शिक्षकाच्या हातीं आणखी एक हत्यार द्यावें असा होता. १९४९ सालीं अमेरिकन नौदलासाठीं दोराच्या गांठी शिकविण्यावर एक प्रयोग झाला. गांठ मारणारा समोर बसलेला दाखविण्यापेक्षां, गांठ शिकणाराच्या स्वतःच्या दृष्टीनें, जणूं त्याच्याच खांद्यावरून पाहिल्यासारखी, दाखविली तर ती अधिक चांगली शिकतां येते, असें त्यांत आढळलें. सुताराचा बाप मुलाच्या मागें उभा राहून त्याचा हात धरतो, तो उगाच नव्हे.

याहून नवल विमानविद्येंत घडलें. न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक याच्या बापाचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकनें १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें, वळणारें एक लहानसें विमान तयार केलें. प्रथम लोकांनीं त्याला जत्रेंतील खेळणें समजून वापरलें. परंतु १९३४ च्या हिवाळ्यांत विमानानें टपाल नेण्याचें काम अमेरिकन लष्करावर आलें. धुक्यांत व बर्फांत केवळ यंत्रें पाहून उडण्याची संवय नसलेले वैमानिक एकामागून एक प्राणांस मुकले. आणि मग लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिक त्यांवर तयार झाले. त्या पेटींत शिकाऊ वैमानिक चुकला तर मरत नसे. पण पेटीबाहेर मेजाशीं शिक्षक बसलेला असे. वैमानिकाचा मार्ग त्याच्यापुढील नकाशावर उमटत जाई, आणि काय चुकलें तें तो सांगे. शिवाय शेवटीं खऱ्या विमानांत बसावें लागेच. एकविसाव्या शतकांत वेल्डिंग शिकविण्यासाठीं पडद्यावर ठिणगी दाखविणारीं जीं यंत्रें आलीं, तीं याच पेटीचे वंशज आहेत.

नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा प्रयोग मात्र पुण्यास झाला. शेतकऱ्यांनीं मंडळें करून एकत्र ऐकावें, चर्चा करावी आणि मग कृति करावी, असा नभोवाणीचा उपक्रम कॅनडांत १९४१ सालीं सुरू झाला होता. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें तो मराठी खेड्यांत करून पाहिला. १५० खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां याप्रमाणें अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं मंडळी उठून जात नसे. ऐकलेल्या गोष्टींवर चर्चा होई, आणि मंडळाचा कार्यवाह तिची हकीकत व शंका केंद्राकडे लिहून पाठवी. त्या शंकांस पुढें नभोवाणीवरून उत्तर मिळे.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली, आणि ती अशी केली कीं तिचें मोल आजही उतरलेलें नाहीं. जेथें नभोवाणी होती आणि मंडळही होतें अशीं खेडीं, जेथें नुसती नभोवाणी होती अशीं खेडीं, आणि जेथें दोन्ही नव्हतीं अशीं खेडीं, यांची तुलना करण्यांत आली. मंडळांच्या खेड्यांत शेतकऱ्यांचें ज्ञान ठळकपणें वाढलेलें दिसलें. नुसती नभोवाणी असलेल्या खेड्यांत ती वाढ अगदीं थोडी होती. आवाज दोन्ही ठिकाणीं तोच होता, शब्द तेच होते. भेद एवढाच कीं, एके ठिकाणीं ऐकल्यावर शेजाऱ्याला 'हें आपल्या जमिनींत चालेल काय?' असें विचारतां येत होतें. स्क्रँटनच्या पुस्तिका मिटावयास लावणारा जो एकटेपणा, त्यावरचें औषध महाराष्ट्रांतील खेड्यांच्या चावड्यांवर सांपडलें होतें.

त्यानंतर साधनें झपाट्यानें बदललीं. इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं संगणकाच्या साहाय्यानें शिकविण्याची प्लेटो ही पद्धत सुरू झाली. १९७५-७६ सालीं भारतांत उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोंचले. १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणारांसाठीं गांवोगांव अभ्यासकेंद्रें उघडलीं. इकडे १९५० सालीं सुरू झालेल्या कारागीर-प्रशिक्षण योजनेंतून निघालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था देशभर पसरल्या. त्यांची संख्या पुढें चौदा हजारांवर गेली, आणि महाराष्ट्रांत शासकीय संस्थाच चारशेंहून अधिक झाल्या. २०१९ सालीं या संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठीं भारत स्किल्स नांवाचें डिजिटल दालन केंद्र सरकारनें उघडलें.

तें उघडून थोडेच महिने झाले असतील, तोंच त्याची परीक्षा झाली. २५ मार्च २०२० पासून साथीमुळें देशभर टाळेबंदी आली आणि यंत्रशाळांचीं दारें बंद झालीं. लेथवर धूळ बसली. विद्यार्थी घरीं राहिले. धडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. तत्त्वाचा भाग थोडाफार पुढें गेला. प्रात्यक्षिक मात्र थांबलें. पडद्यावर कानस दिसते, तिचा आवाजही ऐकूं येतो. पण ती हाताला जड लागत नाहीं, आणि लोखंडावर तिरकी गेली तर मनगटाला कळत नाहीं. ज्या घरीं एकच भ्रमणध्वनि, तेथें धडाही दुसऱ्याची गरज भागल्यावरच मिळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनेस्को आणि जागतिक बँक यांनीं त्या वर्षीं शंभरांहून अधिक देशांतून माहिती गोळा केली, तेव्हां हीच तक्रार सर्वत्र आढळली. साधनें नाहींत, जोडणी नाहीं, शिक्षकांची तयारी नाहीं, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे हाताचें काम दूरवरून शिकवितां येत नाहीं.

यावरून पडदा निरुपयोगी ठरला, असें कोणी म्हणेल तर तें चुकीचें होईल. लेथच्या पेटीच्या आंत दांतेरी चाकें कशीं फिरतात हें पेटी बंद असतां दिसत नाहीं. पडद्यावर ती पेटी उघडून, हळू करून, दहा वेळां दाखवितां येते. दहाव्या वेळीं विचारतांना विद्यार्थ्याला लाज वाटते. पडद्यापुढें वाटत नाहीं. विजेचा झटका न बसतां विजेचें मंडल जोडून पाहतां येतें. गणित, आराखडा, मापें, सुरक्षेचे नियम हें सारें आधीं घरीं शिकून आलें तर यंत्रशाळेंतला मोलाचा वेळ बोलण्यांत जात नाहीं, हातांत जातो. जोडलेल्या सांध्याचें छायाचित्र रात्रीं शिक्षकाकडे धाडतां येतें, आणि टपालाला लागणारे दिवस वांचतात. जातीची आणि श्रेणीची जी भिंत पूर्वी आडवी येत असे, ती ओलांडून 'कां' या प्रश्नाचें उत्तर कोणाच्याही घरीं पोंचतें. हे लाभ लहान नाहींत.

धोका आहे तो दुसरीकडे. यंत्रशाळा महाग असते. तिला जागा लागते, हत्यारें लागतात, वाया जाणारें लोखंड लागतें, आणि पंधरावीस मुलांमागें एक जाणता निदेशक लागतो. पडदा स्वस्त असतो. म्हणून पडद्याच्या जोरावर यंत्रशाळेचे तास हळूहळू कमी करण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थेला होणें स्वाभाविक आहे. परंतु तसें करणें म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें होय. शेळ्या कोठें जातात तें उंटावरच्याला दुरून दिसतें. त्यांतली लंगडी कोणती तें दिसत नाहीं. ज्यानें तार कधीं हातांत धरली नाहीं अशा तारतंत्र्याला प्रमाणपत्र मिळालें, तर त्या प्रमाणपत्राची परीक्षा पुढें कोणाच्या तरी घरांतील ओल्या भिंतीवर होते, आणि तेथें उत्तरें तपासून परत येत नाहींत.

पिटमनच्या पाकिटापासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंतच्या या वाटचालींत साधनें अनेक बदललीं, पण अनुभव फारसा बदलला नाहीं. साधनाबरोबर हत्यार दिलें, शिक्षक दिला आणि सोबत दिली, तेथें शिक्षण रुजलें. स्क्रँटनच्या संस्थेनें रुळांवरून डबे फिरविले. युद्धकाळच्या बोलपटांना शिक्षकाची पुस्तिका होती. लिंकच्या पेटीबाहेर मेज होतें. पुणें केंद्राच्या आवाजाला चावडी होती. जेथें साधन एकटेंच पाठविलें, तेथें नांवें पुष्कळ नोंदलीं गेलीं आणि पुस्तकें मिटलीं गेलीं. म्हणून डिजिटल धंदेशिक्षणाची योजना पारखतांना पडदा किती मोठा आहे हें विचारण्यापूर्वीं, पडदा बंद झाल्यावर विद्यार्थी कोणत्या बांकापाशीं जाणार, आणि तेथें त्याची कोण वाट पाहत असणार, हें विचारलें पाहिजे.

ॲव्हनडेलच्या खाणीला एकच वाट होती, आणि म्हणून ती बंद होतांच आंतलीं माणसें मेलीं. त्यानंतर कायद्यानें दुसरी वाट आवश्यक केली. पण दुसरी झाली म्हणून पहिली कोणीं बुजविली नाहीं. धंदेशिक्षणाचेंही तसेंच आहे. शतकानुशतकें त्याला एकच वाट होती, आणि ती ज्याच्या घरावरून जात नव्हती तो बाहेरच राहिला. आतां दुसरी वाट झाली आहे. ती खाणकामगाराच्या खिशांतील पुस्तिकेपासून सुरू झाली आणि शेतमजुराच्या मुलीच्या हातांतील पडद्यापर्यंत आली. ती मुलगी त्या पडद्यावर वेल्डिंगच्या ज्योतीचें तत्त्व शिकेल, आणि शिकावेंच. मग तिनें तालुक्याच्या यंत्रशाळेंत यावें, तोंडावर ढाल घ्यावी, आणि पहिला सांधा वांकडा आला म्हणजे मागें उभ्या असलेल्या निदेशकानें तिचा कोपर किंचित् उचलून धरावा. तेवढें काम अजून कोणत्याही तारेवरून जात नाहीं.